जुन्या स्कूल बसचा मागचा दरवाजा उघडेना

चोपडेकर: भाऊ लोकांनो, २०१४ची बस घेतली, एमएच १९. पासिंगला न्यायचीय. मागचा संकटकालीन दरवाजा रंगाने पार चिकटलाय, वर आधीच्या मालकाने त्याला आडवं बाकडं ठोकलंय! तीन पोरं जास्त बसावीत म्हणून. अग्निशामकाचा काटा लाल पट्ट्यात. सुरुवात कुठून करू?

गॅरेजवाला: आधी ते बाकडं काढा भो, बाकीचं नंतर. हातोडा मारू नका, पत्रा वाकतो. फटीतला रंग ब्लेडने खरवडा, बिजागऱ्यांवर डिझेल सोडून रात्रभर ठेवा. मग आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडून बघा. आमच्याकडे एकाचा आतला दांडा फिरायचा, पण खिट्टी जागची हलायची नाही.

रावेरवाला: अग्निशामक नुसता पुसून टांगू नका, भरून आणा. पावडर तळाशी गोळा होते. स्पीड गव्हर्नरचं (गाडीचा वेग ठरलेल्या हद्दीपुढे जाऊ न देणारं यंत्र) सील बघितलं का? स्कूल बसला तो लागतोच.

चोपडेकर: बाकडं निघालं. खाली चार बोल्ट, एक पेन्सिल अन् केळीचं वाळलेलं साल. दरवाजा बोटभर हललाय. गव्हर्नरची वायर मात्र कापलेली निघाली.

गॅरेजवाला: ती स्वतः जोडू नका. अधिकृत डीलरकडूनच सील करून घ्या.