८२० धावा करूनही सामना अनिर्णित: कौंटी क्रिकेटमध्ये वर्चस्वाचा हिशेब कसा मांडावा?

ओव्हलप्रेमी, ठाणे (प्रश्न)

नमस्कार. १९७१ च्या ऑगस्टमध्ये अजित वाडेकरांच्या भारतीय संघाने लंडनच्या ओव्हल मैदानावर मिळवलेला विजय माझ्या वडिलांनी रेडिओवर ऐकला होता आणि तेव्हापासून त्या मैदानाचे नाव आमच्या घरात आदराने घेतले जाते. कौंटी क्रिकेट, म्हणजे इंग्लंडमधील परगण्यांच्या संघांचे क्रिकेट, पाहू लागलो तेव्हा ओव्हलवर खेळणारा सरे हाच माझा संघ झाला, तो बहुधा त्यामुळेच. तिथले सकाळचे अकरा म्हणजे आपल्याकडची दुपारची साडेतीन, त्यामुळे जेवणानंतर यूट्यूबवर खेळ लावून बसण्याची मला सवय लागली आहे.

२०२५ च्या जूनअखेरीस ओव्हलवर सरेने डरहॅमविरुद्ध ९ बाद ८२० धावांवर डाव घोषित केला. डॉम सिबलीने ३०५, डॅन लॉरेन्सने १७८, विल जॅक्सने ११९ आणि सॅम करनने १०८ धावा केल्या. सरेने १८९९ मध्ये याच मैदानावर समरसेटविरुद्ध ८११ धावा केल्या होत्या. तो क्लबचा विक्रम १२६ वर्षांनी मोडला गेला. दोन दिवस मी अक्षरशः आनंदात होतो. पुढे डरहॅमवर फॉलोऑनची, म्हणजे पहिला डाव संपताच लगेच पुन्हा फलंदाजीची, वेळ आली, तेव्हा विजय ठरलेलाच आहे असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात चौथ्या दिवशी सामना अनिर्णित सुटला.

माझे क्रिकेटचे संस्कार रणजी करंडकाचे आहेत. इतकी मोठी आघाडी घेणारा संघ आणि कसाबसा वाचलेला संघ यांना कौंटीमध्ये एकाच मापाने कसे मोजतात, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. आणि सरेने डाव लवकर घोषित करायला हवा होता का, याविषयीही जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

गुणलेखक, नाशिक

आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण दोन्ही स्पर्धांतील साखळी सामने चार दिवसांचे असले तरी गुणांचे गणित मुळातच वेगळे आहे. रणजीच्या साखळी सामन्यात निकाल लागला नाही तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला ३ गुण आणि दुसऱ्याला १ गुण मिळतो, तर बाद फेरीत त्या आघाडीवर थेट पुढची फेरी गाठता येते. २०२४ च्या उपांत्यपूर्व फेरीत मुंबईच्या ३८४ धावांना बडोद्याने ३४८ धावांचे उत्तर दिले, आणि त्या ३६ धावांच्या आघाडीवर मुंबई उपांत्य फेरीत पोहोचली. दुसऱ्या डावात तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी शतके ठोकली, तीही त्या आघाडीच्या भक्कम आधारावर.

कौंटी अजिंक्यपद स्पर्धेत पहिल्या डावातील आघाडीला एकही गुण नाही. विजयाला १६ आणि अनिर्णित सामन्याला प्रत्येकी ८ गुण मिळतात. त्याशिवाय पहिल्या डावाच्या पहिल्या ११० षटकांत २५० धावांपासून दर पन्नास धावांच्या टप्प्याला फलंदाजीचा एक गुण मिळतो आणि ४५० धावा झाल्या की पाच गुण पूर्ण होतात. गोलंदाजीचे गुण जास्तीत जास्त तीन. म्हणजे ४५० आणि ८२० यांत गुणतक्त्याच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. कितीही वर्चस्व गाजवले तरी निकालाविना जास्तीत जास्त १६ गुण आणि निकालासह २४ गुण, एवढाच हिशेब. मधल्या आठ गुणांसाठी वीस बळी लागतात.

दक्षिण लंडनवासी

दुसऱ्या दिवशी मी ओव्हलवर प्रत्यक्ष हजर होतो, म्हणून लिहितो. लंडनमध्ये त्या आठवड्यात असह्य उकाडा होता. मैदानाबाहेर गॅसच्या जुन्या टाकीचा लोखंडी सांगाडा तापून निघत होता आणि आम्ही प्रेक्षक सावली सरकेल तशी जागा बदलत होतो. सिबलीचे त्रिशतक पूर्ण झाले तेव्हा सगळे उभे राहिले. ८११ चा आकडा मागे पडला तेव्हाही तसेच झाले. आपल्या संघाचा इतका जुना विक्रम मोडताना पाहण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते आणि मला ते लाभले, याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

मात्र त्या दिवशीचे खरे चित्र सायंकाळी दिसले. डाव घोषित झाल्यावर आमचे गोलंदाज नव्या चेंडूने टाकत होते, तरीही डरहॅमने दिवसअखेर बिनबाद ५९ धावा केल्या. चेंडू हवेत फारसा वळत नव्हता आणि टप्पा पडल्यावरही हलत नव्हता. कारण ही फेरी इंग्लंडमधील नेहमीच्या ड्यूक्स बनावटीच्या चेंडूने नव्हे, तर ऑस्ट्रेलियात वापरल्या जाणाऱ्या कुकाबुरा चेंडूने खेळली गेली. ड्यूक्सच्या शिवणीच्या सहाही ओळी हाताने घातलेल्या असतात, त्यामुळे ती शिवण कितीतरी षटके उठावदार राहते. कुकाबुराच्या बाहेरच्या ओळी यंत्राने शिवलेल्या असतात आणि पंधरा-वीस षटकांत शिवण दबते. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी लागणारा वेग आणि फिरकी आपल्या गोलंदाजांनी शिकावी, या हेतूने इंग्लंडच्या मंडळाने हंगामातील चार फेऱ्या त्या चेंडूने खेळवल्या. हेतू चांगला होता, पण जूनच्या कडक उन्हात ओव्हलच्या खेळपट्टीवर त्याचा परिणाम असा झाला की ज्या कारणाने आम्ही ८२० धावा केल्या, त्याच कारणाने आम्हाला वीस बळी मिळेनात. दोन्ही गोष्टी एकाच खेळपट्टीवर आणि एकाच चेंडूने घडल्या, हे धावफलकावरून लक्षात येत नाही.

जुना रणजीप्रेक्षक, पुणे

वरील प्रतिसादात चेंडूचा मुद्दा आला, त्याला इतिहासाचाही आधार आहे. १९९० च्या हंगामात इंग्लंडमध्ये चेंडूची शिवण मुद्दाम कमी उठावाची करण्यात आली होती. त्याच वर्षी ओव्हलवर सरेने लँकशायरविरुद्ध ९ बाद ७०७ धावांवर डाव घोषित केला. कर्णधार इयन ग्रेगने स्वतः २९१ धावा केल्या होत्या. लँकशायरने त्याला ८६३ धावांचे उत्तर दिले, नील फेअरब्रदरने ३६६ धावा केल्या आणि सामना अर्थातच अनिर्णित राहिला. पहिल्या दोन दिवसांत आपला संघ सामन्यावर पूर्ण हुकूमत गाजवत आहे असे ज्या सरे समर्थकांना वाटले असेल, त्यांची मनःस्थिती आपण समजू शकाल.

डरहॅमच्या बाबतीत तर हा योग दुसऱ्यांदा आला. १९९४ मध्ये एजबॅस्टनला ब्रायन लाराने नाबाद ५०१ धावा केल्या, तेव्हा वॉरविकशायरची धावसंख्या ४ बाद ८१० होती आणि समोरचा संघ डरहॅमच होता. तोही सामना अनिर्णित. याउलट १८९९ मध्ये बॉबी ॲबेलच्या नाबाद ३५७ धावांच्या बळावर सरेने ८११ धावा केल्या, तो सामना त्यांनी डावाने जिंकला होता. त्या काळी खेळपट्ट्या पावसात उघड्या राहत आणि दिवसागणिक बिघडत, त्यामुळे नंतर फलंदाजी करणाऱ्याचे हाल होत. आज खेळपट्ट्या झाकलेल्या असतात.

आपल्या पुण्याचे उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. १९४८-४९ च्या मोसमात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावांवर असताना महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ होती आणि डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या दहा धावांच्या अंतरावर होता. काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामनाच सोडला. असा विजय मिळूनही विक्रम हुकल्याची हळहळ पुण्यातील क्रिकेटप्रेमींच्या मनातून गेलेली नाही. शेवटच्या जोडीचा उल्लेख वर आला म्हणून सांगतो, कोटियन आणि देशपांडे यांच्याआधी एकाच डावात दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी शतके केली, ती भारतीय संघाच्या चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी. तो सामना १९४६ मध्ये ओव्हलवरच झाला आणि प्रतिस्पर्धी संघ होता सरे.

ओव्हलप्रेमी, ठाणे

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सरवटे आणि बॅनर्जी यांची भागीदारी मला माहीत होती, परंतु ती माझ्याच सरे संघाविरुद्ध झाली होती, हे आज कळले. गुणांचे गणितही स्पष्ट झाले. तरीही माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग शिल्लक आहे. दुसऱ्या दिवशी दीडशे धावा आधी डाव घोषित केला असता, तर निकाल लागला असता का?

गुणलेखक, नाशिक

माझे मत असे की डाव आधी घोषित करायला हवा होता, आणि ते मी त्या संध्याकाळीही मांडले होते. दिवसाला ९६ षटके धरली तर शेवटच्या दोन दिवसांत १९२ षटके उरतात, म्हणजे वीस बळींसाठी दर साडेनऊ षटकांना एक बळी. सरेच्या धावा षटकामागे साधारण पाचच्या गतीने होत होत्या, त्यामुळे दीडशे धावा आधी थांबले असते तर सुमारे तीस षटके जास्त मिळाली असती. निर्जीव खेळपट्टीवर तीस षटके म्हणजे तीन बळी, आणि कदाचित दुसरा नवा चेंडू थोडा आधी हाती आला असता. फॉलोऑनसाठी दीडशेची आघाडी पुरेशी असते, त्यामुळे ६७० धावांवरही डरहॅमला पुन्हा फलंदाजीला पाठवता आले असते.

दक्षिण लंडनवासी

या मताचा मी आदर करतो, परंतु सहमत नाही. २०२३ मध्ये कँटरबरीला केंटने सरेवर पहिल्या डावात १५६ धावांची आघाडी घेतली, फॉलोऑन न देता पुन्हा फलंदाजी केली आणि ५०१ धावांचे लक्ष्य ठेवले. सरेने ते पाच गडी गमावून पार केले. सिबली त्या दिवशी नाबाद १४० होता. शेवटच्या दिवशीही खेळपट्टी फलंदाजांच्या बाजूने राहिली तर काय होते, हे आमच्या ड्रेसिंग रूमने स्वतः अनुभवले होते, त्यामुळे सरेचा कर्णधार रोरी बर्न्सने अधिक धावांचे कवच मागितले, तर त्यात मला चूक दिसत नाही. तीस षटके आणखी मिळाली असती तरी शिवण दबलेला तोच चेंडू हाती असता. २०२६ च्या हंगामात कुकाबुरा न वापरण्याचा निर्णय कौंट्यांनी घेतला आहे, तेव्हा यापुढे जूनअखेरीस ओव्हलवर ड्यूक्स चेंडूने कोणी सहाशे धावा केल्या, तर तुम्ही कितव्या षटकाला डाव घोषित कराल, ते मला अवश्य कळवा.