ड्रॅगन-ग्रिफिनच्या जगासाठी मराठी शब्द कुठून आणायचे? (बंध, स्वार, खोगीर, वय, हुकूम)

निळीशाई
नमस्कार. काल्पनिक जगावरची कादंबरी आहे. माणसं ड्रॅगन आणि ग्रिफिन (डोकं-पंख गरुडाचे, मागचं अंग सिंहाचं) पाळत नाहीत, त्यांच्याशी जन्माचं नातं जुळतं. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू एका माणसाला निवडतं, पुढे दोघं एकमेकांच्या मनातलं ऐकू शकतात. पहिला खर्डा झाला आहे, पण शब्द अडतात. सध्या असं लिहिलं आहे:

‘रेवाने ड्रॅगनशी मानसिक बंध निर्माण केला.’
‘ग्रिफिन-आरोहकाने बंध घट्ट केले आणि उड्डाण केले.’
‘तो तरुण वयाचा व्याल होता, व्याली त्याच्याहून मोठी होती.’

वाचताना भाषांतर वाटतं. ड्रॅगनला ‘व्याल’ आणि ग्रिफिनला ‘गरुडसिंह’ म्हणावं असं मनात आहे. नात्याला, स्वाराला, साजाला, वयाच्या टप्प्यांना आणि उडतानाच्या हुकमांना कोणते शब्द वापरावेत? कथा महाराष्ट्रात घडत नाही, बेटांवरच्या डोंगराळ राज्यात घडते.

मोडीवाचक
तिन्ही वाक्यांत अडचण शब्दांपेक्षा क्रियापदांची आहे.

पहिलं वाक्य घ्या. मराठीत नातं कोणी ‘निर्माण करत’ नाही, ते लागतं किंवा जडतं. लळा लागतो, ओढ लागते, नाद लागतो, जीव जडतो. या सगळ्यांत ज्याला होतं तो चतुर्थीत बसतो: ‘पिल्लाला रेवाचा लळा लागला.’ तुमच्या जगाचा नियमच ‘पिल्लू निवडतं’ असा आहे. मग रेवाला कर्ता करून ‘निर्माण केला’ म्हटलं की वाक्य तुमच्याच नियमाविरुद्ध जातं. ‘लळा’ हा त्या जगाचा पारिभाषिक शब्द करा. वाचकाला तो आधीपासून माहीत आहे, फक्त तुमच्या कथेत त्याचं वजन वाढेल. ‘लळ्याचा दिवस’, ‘लळा न लागलेलं पिल्लू’, ‘त्याला अजून कुणाचा लळा नाही’ अशी रूपं आपोआप निघतात. नातं दोन्ही बाजूंनी पक्कं झालं की ‘जीव जडला’. तुटलं की ‘ओढ तुटली’.

‘बंध’ मात्र काढाच. तुमच्याच दुसऱ्या वाक्यात ‘बंध’ म्हणजे पट्टे आहेत आणि पहिल्यात नातं. पुढे कधी ‘हवेत बंध तुटला’ असं लिहाल तेव्हा पट्टा तुटला की नातं, हे वाचकाला कळणार नाही. ‘बंधन’ तर आणखी वाईट, त्याला बेडीचा वास आहे. ‘ऋणानुबंध’ सुंदर शब्द आहे, पण त्यात मागच्या जन्माचा हिशोब येतो. तुमच्या बेटांवर पुनर्जन्माची कल्पना नसेल तर तो चालणार नाही.

माणूस आणि प्राणी, दोघांनीही एकमेकांना म्हणायचा शब्द म्हणून ‘सांगाती’ सुचवतो. संतसाहित्यामुळे ओळखीचा आहे, आणि मालक-जनावर असा उतार त्यात नाही. चालवायला सोपा: सांगाती, सांगात्याला, सांगात्याचा, स्त्रीलिंगी सांगातीण, सांगातिणीला.

आता मराठीची दोन हत्यारं, जी या विषयासाठीच घडवल्यासारखी आहेत. एक म्हणजे नपुंसकलिंग. पिल्लू ‘ते’ असतं. लळा लागेपर्यंत निवेदनात ‘ते’ ठेवा, लागला त्याच परिच्छेदात ‘तो’ किंवा ‘ती’ करा. काहीही न सांगता वाचकाला बदल जाणवेल. दुसरं, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ड्रॅगन आधी ‘आम्ही पाण्यावरून उडत नाही’ म्हणतो आणि एके दिवशी ‘आपण पाण्यावरून उडू’ म्हणतो. नातं जुळल्याचं वेगळं वाक्य लिहायची गरजच उरत नाही. हा फरक पूर्ण कादंबरीभर काटेकोर पाळा. एका ठिकाणी जरी निष्काळजीपणे ‘आपण’ पडलं तरी परिणाम जातो. खर्ड्यात दोन्ही शब्द शोधून एकेक तपासा.

मनातल्या बोलण्याला वेगळा शब्द नको. ‘तो आतून म्हणाला’ पुरे.

माळरान
व्याल/व्याली वर आधी. गाय व्याली, म्हैस व्याली. ‘व्याली त्याच्याहून मोठी होती’ हे वाक्य कोणताही मराठी वाचक आधी ‘विणे’चा भूतकाळ म्हणूनच वाचणार. अंडी घालणाऱ्या प्राण्याला तर हे फारच विसंगत. ‘व्याल’ ठेवायचाच असेल तर ‘मादी व्याल’ लिहा, ‘व्याली’ कधीही नको.

शिवाय मंदिरांवरचा व्याल हा ड्रॅगन नाहीच. सिंहासारखं अंग आणि वेगवेगळी तोंडं, असा तो प्रकार आहे: गजव्याल, नृव्याल, आणि शिल्पग्रंथांतल्या यादीत शुकव्याल, मयूरव्याल, कुक्कुटव्यालही. म्हणजे चोचीचा व्याल तुमच्या ग्रिफिनच्या जास्त जवळ जातो. संस्कृतात व्याल म्हणजे सापही, म्हणून ड्रॅगनसाठी मोह होतो, पण लेणी-मंदिरं पाहिलेला वाचक गोंधळेल.

‘ड्रॅगन’ तसाच ठेवावा असं माझं मत. तो शब्द आता मराठीच आहे. मात्र रूपं ठरवून घ्या. ‘ड्रॅगनला, ड्रॅगनने’ की नागासारखं ‘ड्रॅगनाला, ड्रॅगनाने’? पहिलं जास्त रुळलेलं आहे. अनेकवचनात ‘ड्रॅगन्सना’ हे इंग्रजीचा ‘स’ चिकटवलेलं रूप टाळा, ‘ड्रॅगनांना’ लिहा.

साजाबद्दल. ‘आरोहक’ने उड्डाण केलं की विमानतळ आठवतो. ‘स्वार’ घ्या. घोडदळाचे शब्द तयार आहेत आणि नेमके आहेत: खोगीर, रिकीब (पाय ठेवायची कडी), लगाम, तंग (खोगीर आवळायचा पट्टा), पेशबंद, दुमची. तुमच्या प्राण्याला पंख आहेत, त्यामुळे कोणता पट्टा कुठे येतो याचा विचार झाला पाहिजे. घोड्याचा तंग पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीखालून आवळतात. पक्ष्यात पंख खाली मारणारे स्नायू नेमके छातीवर असतात. तिथे तंग आवळला तर प्रत्येक फटक्याला तो स्नायूत रुतेल, जनावर उडणारच नाही, किंवा दोन दिवसांत कातडी सोलून निघेल. म्हणून तंग बरगड्यांच्या मागच्या टोकाशी न्या, आणि खोगीर पंखांच्या सांध्यामागे. आता खोगीर सरकण्याचा धोका वाढतो. चढताना ते मागे सरकेल, त्याला पेशबंद, म्हणजे छातीवरून येणारा पट्टा, धरेल. तो सैल आणि रुंद हवा, गळ्याच्या मुळाशी. सूर मारताना खोगीर पुढे, पंखांवर येईल. त्याला शेपटीखालून जाणारी दुमची धरेल. ग्रिफिनची शेपूट सिंहाची, त्यामुळे दुमची बसते. ड्रॅगनची शेपूट बुंध्याशी जाड असेल तर दुमची बसणार नाही, मग तिथे मागच्या मांड्यांना वेढणारे दोन पट्टे लागतील. ‘सूर मारताना दुमची तुटली’ या एका वाक्यात स्वार मानेवर फेकला जाणं वाचकाला दिसतं. तुमच्या ‘बंध घट्ट केले’मध्ये काहीच दिसत नाही.

लगाम मात्र विचार करून वापरा. चोचीत लोखंडी कडी घालता येत नाही, आणि मनातून बोलणाऱ्या सांगात्याला लगाम घालणं हा त्या जगात अपमान असेल. बैलाची वेसण तर त्याहून. कुठल्यातरी शत्रूराज्यात ड्रॅगनांना वेसण घालतात, एवढं म्हटलं तरी ते राज्य कसं आहे ते कळेल.

काजळी_खिल्लार
वयासाठी बैलबाजाराकडे बघा. ‘तरुण वयाचा’ असं तिथे कोणी म्हणत नाही. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा, सगळे आले की जुळलेला. दात बघून वय सांगायची ही रीत तुमच्या प्राण्यांना कातीवर बसवता येते. ड्रॅगन सरपटणाऱ्या जातीचा, तो कात टाकणार. कोरा, एककाती, दुकाती, चौकाती. ‘रेवाचा ड्रॅगन दुकाती होता’ म्हटलं की वय, आकार आणि भरवसा तिन्ही कळतं. किती महिन्यांनी कात पडते हा आकडा एकदाच ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या प्रकरणातला दुकाती पाचव्यात वर्ष उलटूनही दुकातीच राहिला तर बारकाईने वाचणारा पकडतोच.

रंगांसाठीही गुराढोरांचे आणि घोड्यांचे शब्द मुबलक आहेत: कोसा, काजळी, बांडा, कपिला, अबलख, कुमैत, पंचकल्याणी. ‘तपकिरी रंगाचा’पेक्षा ‘कुमैत’ किती तरी नेमका. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, तो सिंहपायाच्या ग्रिफिनला शोभेल, खवल्यांच्या ड्रॅगनला नाही.

अंड्यांच्या भागात ‘उबवणी केंद्र’ वगैरे नको. ड्रॅगनीण खुडूक झाली, अंड्यांवर बसली. आणि विणीच्या हंगामाला ‘माज’. मादी माजावर येते. हत्तीच्या नराला मद येतो, गंडस्थळातून वाहतो. ‘माज’चा दुसरा अर्थ उद्दामपणा, तो इथे उपयोगीच पडतो.

मोडीवाचक
ग्रिफिनबद्दल राहिलं होतं. ‘गरुडसिंह’ हा जोडशब्द कोशात ठीक, तोंडात बसत नाही. ‘शरभ’ म्हणा. सह्याद्रीतल्या अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आहे, पायाखाली, शेपटीत हत्ती पकडलेला. भटक्यांना तो लगेच आठवेल. तीन अक्षरी पुल्लिंगी अकारान्त आहे: शरभाला, शरभाचा, शरभांनी. कुठेही अडखळत नाही.

शुद्धलेखनवही
इथे असहमती नोंदवते. शरभ हे नरसिंहाला आवरण्यासाठी शिवाने घेतलेलं रूप आहे, पुराणांत त्याला आठ पाय आहेत, आणि किल्ल्यावरच्या शरभाला चोच नसते. कथा परक्या बेटांवर आहे. शरभ म्हटलं की तिथे शैव-वैष्णव वाद आणि हिंदू राजचिन्हं आपोआप येऊन बसतील. लेखिकेला ते नको असेल तर ‘ग्रिफिन’च ठेवावा. पण सगळीकडे ‘ग्रिफिन’च. ‘ग्रिफन’ लिहिलं की पक्षीनिरीक्षकाला गिधाड दिसतं.

दुसरं, हुद्दे. सरनौबत, जुमलेदार, हवालदार, बारगीर हे शब्द कितीही आकर्षक असले तरी शिवकाळ सोबत आणतात. धंद्यांची नावं त्या मानाने मोकळी आहेत: मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा), माहूत, चाबूकस्वार (घोडा शिकवणारा), साळोत्री (जनावरांचा वैद्य), नालबंद. नवे शब्द ‘-वान’ लावून करता येतात. कोल्हापूर संस्थानात शिकारीचे चित्ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. त्याच चालीवर ‘ग्रिफिनवान’. उडवणारा स्वार वेगळा, खायला घालणारा वान वेगळा. ही वाटणी तुमच्या जगात असेल तर शब्दांतून दिसू द्या.

फारसी की संस्कृत, हा निर्णय एकदाच घ्यायचा आहे. आपले स्वारीचे बहुतेक शब्द फारसीतून आले आहेत. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला, त्यात सुमारे 1400 फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही खोगीर आणि लगाम आजपर्यंत टिकले, कारण ते हातात रोज होते. याचा उपयोग असा करता येतो की ग्रिफिनच्या तळावर खोगीर-रिकीब-दुमची बोलावं, आणि ड्रॅगनांच्या जुन्या मठात संस्कृतप्रचुर बोलावं. दोन संस्था, दोन भाषाथर. एकाच पात्राच्या तोंडी मात्र मिसळू नका.

ग्रिफिनचा पुढचा भाग शिकारी पक्ष्याचा, तेव्हा बाजदारांची, म्हणजे शिकारी पक्षी पाळणाऱ्यांची, बोली चाळा. संस्कृतात कुमाऊंच्या रुद्रदेवाचं ‘श्यैनिकशास्त्र’ हे शिकारी पक्ष्यांवरचं पुस्तक आहे, आणि सोमेश्वराच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तही ससाण्यांच्या शिकारीचं प्रकरण आहे. उत्तर हिंदुस्थानी बाजदार बाज म्हणतात ती मादी, तिच्या नराला जुर्रा. शिक्रा मादी, नर चिपक. शिकारी पक्ष्यांत मादी मोठी आणि बळकट, म्हणून मूळ नाव तिचं. ‘ग्रिफिन’ हा शब्द तुम्ही मूळ स्त्रीलिंगी केलात आणि नरासाठी वेगळा शब्द घडवलात, तर सगळ्या कादंबरीचा कल बदलेल.

निळीशाई
खूप मिळालं, आभार. लळा, सांगाती, दुकाती नक्की. ग्रिफिन स्त्रीलिंगी करते, शरभ सोडते. हुकमांचं राहिलं. सध्या ‘चढ’, ‘वळ’, ‘पड’, ‘सर’ असे आहेत. मनातून ऐकू येतं, पण लळा नुकताच लागलेला असताना मोठ्याने ओरडावं लागतं, असा नियम आहे.

माळरान
ते चारही शब्द ‘अ’ स्वराचे आहेत. वाऱ्यात व्यंजनं आधी हरवतात, कानापर्यंत स्वर पोचतो. म्हणजे चारही हुकूम जनावराला ‘अऽ’ असेच ऐकू येतील. प्रत्येकाला वेगळा स्वर द्या: ऊठ (जमीन सोड), झेप (पुढे), मीट (पंख मिटून सूर मार), थांब (एका जागी घिरट्या), सोड (ओझं टाक). ऊ, ए, ई, आ, ओ. पाचही एका दमात ओरडता येतात. उतरण्याचा हुकूम सहावा, तो दोन स्वरांचा करा, म्हणजे घाईत चुकूनही ‘मीट’शी गोंधळ होणार नाही: ‘खाली’. दोन्हींत ‘ई’ आहे, पण ‘खाली’त आधी मोठा ‘आ’ येतो, तोच वेगळेपण देतो.

‘मीट’ हा यातला सगळ्यात धोक्याचा हुकूम. एककाती जनावराला तो देऊ नये असा तळाचा नियम ठेवा. वेगात पंख पुन्हा उघडायला छातीत जेवढं बळ लागतं, तेवढं त्या वयात नसतं.

शुद्धलेखनवही
एक भर. हे सगळे एकवचनी आज्ञार्थ ‘तू’चे आहेत, ते दुकाती सांगात्याला ठीक. पण तीनशे वर्षांच्या ड्रॅगनला रेवा ‘ऊठ’ म्हणणार नाही, ‘उठा’ म्हणेल. मग स्वर बदलतो, शेवटी ‘आ’ येतो, आणि माळरान यांची सगळी मांडणी तिथे कोसळते. म्हाताऱ्या ड्रॅगनांना हुकूम देतच नाहीत, नुसती दिशा सांगतात, असं ठरवलंत तर प्रश्न सुटतो. ‘डोंगर डावीकडे’, ‘पाणी खाली’. पुढचं त्यांचं ते ठरवतील. तो ड्रॅगन रेवाला मात्र ‘पोरी’ म्हणेल आणि ‘तू’च म्हणेल.