महाधमनीच्या भिंतीलाच रक्त कमी पडतं म्हणून एन्युरिझम (नस फुग्यासारखी फुगणं) होतो का? धरण उशाला आणि कोरड घशाला?

तांबडा_रस्सा:
नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, मुतखड्याची शंका म्हणून सोनोग्राफी केली तर खडा राहिला बाजूला आणि रिपोर्टात आलं की पोटातली महाधमनी किडनीच्या खाली ४.२ सेंटीमीटर फुगलीय. डॉक्टर म्हणाले आत्ता ऑपरेशन नको, ठरल्या वेळी सोनोग्राफी करत राहू आणि बिडी आजच्या आज बंद. रात्री झोप लागेना म्हणून व्हिडिओ बघत बसलो, त्यात व्हासा व्हासोरम नावाचा प्रकार ऐकला, म्हणजे नसांना पोसणाऱ्या बारीक नसा, त्या बुजल्या की भिंत कमजोर होते म्हणे. हेच डोक्यात शिरेना. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त ह्याच पाइपात ढकलतं, मग पाइपाची भिंत उपाशी कशी राहील??

भिंगवाली:
पॅथॉलॉजीत आहे म्हणून लिहिते. हृदय तर आतून रक्ताने भरलेलंच असतं, तरी त्याच्या स्नायूला पोसायला कोरोनरी नसा वेगळ्या लागतातच ना, तसंच हे. आतल्या रक्तातला ऑक्सिजन भिंतीत थोड्याच खोलीपर्यंत झिरपतो, बाहेरच्या भागाला ह्या बारीक नसा पोसतात. छातीतल्या महाधमनीत त्या भिंतीच्या मधल्या थराच्याही बाहेरच्या भागात शिरतात, पण किडनीच्या खाली बाहेरच्या आवरणातच राहतात, आत जवळपास नाहीतच. वोलिन्स्की आणि ग्लॅगोव्ह ह्या दोघांनी १९६७ मध्ये वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांच्या महाधमनीतले लवचिक पापुद्रे मोजले, तर साधारण २९ पापुद्र्यांपर्यंत मधल्या थरात नसा नसतात, भिंत त्याहून जाड असेल तरच असतात. माणसाच्या पोटातली महाधमनी नेमकी ह्या उंबरठ्याच्या अलीकडे, आणि तिच्या एकेका पापुद्र्यावर ताण मात्र जास्त. पोटातले एन्युरिझम बहुतेक किडनीच्या खालीच का सापडतात त्याचं हे एक कारण मानतात, एकमेव नाही हं.

शंकासूर:
ते ठीक, पण नसा बुजल्या म्हणून भिंत फुगली की भिंत फुगली म्हणून नसा बुजल्या? फुगलेल्या भिंतीचा तुकडा कापून बघितलात तर आधी काय झालं ते कसं कळणार.

भिंगवाली:
@शंकासूर रास्त प्रश्न. जपानमध्ये हामामात्सू शहरातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांवर हेच करून बघितलं. महाधमनीत बारीक नळी घातली आणि बाहेरून दोरा आवळला, म्हणजे आतलं रक्त नळीतून चालू पण भिंतीवरच्या बारीक नसा दाबल्या गेल्या. महिनाभरात तिथे एन्युरिझम तयार! म्हणजे निदान उंदरात तरी उपासमार आधी. माणसात भानगड दुहेरी आहे, कारण बाहेरच्या जुन्या नसा अरुंद झालेल्या दिसतात आणि त्याच भिंतीत मधल्या थरात नव्या कोवळ्या केशवाहिन्या फुटलेल्याही दिसतात, त्या गळक्या असतात, त्यातून सूज आणणाऱ्या पेशी आत येतात आणि त्यांची एन्झाइम्स इलास्टिन, म्हणजे भिंतीला लवचिक ठेवणारं प्रथिन, खातात. वरून फुग्याच्या आत रक्ताची गुठळी जमते, तिचा थर जाड झाला की आतून झिरपणारा ऑक्सिजनही कमी. दोन्हीकडून कोंडी.

जुनी_ओपीडी:
आमच्या वेळचं ह्याचं उदाहरण सिफिलिस, म्हणजे गरमीचा रोग. पेनिसिलिनच्या आधी छातीतल्या महाधमनीचे एन्युरिझम त्याने पुष्कळ व्हायचे. त्या रोगाचा जंतू ह्याच बारीक नसांना सूज आणून बुजवायचा, मग मधला थर जागोजागी मरायचा आणि आतला पृष्ठभाग झाडाच्या सालीसारखा सुरकुतायचा. पुस्तकातली ती चित्रं अजून आठवतात. पोटातला एन्युरिझम वेगळा आजार आहे, तेव्हा रस्सेवाल्या भाऊंनी हे वाचून घाबरू नये.

तांबडा_रस्सा:
बापरे, सगळ्यांचे आभार. मग ह्या नसा उघडायचं काही औषध? रक्त पातळ करायच्या गोळ्या वगैरे?

रात्रपाळी:
सर्जरीत आहे, थोडक्यात सांगतो. फुगा वाढायचा थांबेल असं सिद्ध झालेलं एकही औषध सध्या नाही. त्या इलास्टिन खाणाऱ्या एन्झाइमांना रोखेल म्हणून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक वापरून बघितलं होतं, २०२० च्या ट्रायलमध्ये फुगा वाढायचा तसाच वाढला. मनाने रक्त पातळ करायची गोळी तर अजिबात सुरू करू नका. बिडी बंद आणि बीपी आटोक्यात, एवढंच आपल्या हातात, त्यातली बिडी सगळ्यात महत्त्वाची. पुरुषांत साधारण ५.५ सेंटीमीटरला किंवा भराभर वाढायला लागला तर ऑपरेशन किंवा आतून स्टेंट. पोटात, पाठीत अचानक जोरात दुखलं, घाम फुटला, चक्कर आली तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठा. आणि बाबांना भाऊ आहेत का? सख्ख्या नात्यात धोका वाढतो, त्यांचीही एक सोनोग्राफी करून घ्या.

तांबडा_रस्सा:
काका आहेत, तेही बिडीवालेच, शनिवारी दोघांना घेऊन जातो. बाबा आठ दिवसांपूर्वी सोडली म्हणून शपथ घेऊन सांगत होते, काल आईला ज्वारीच्या डब्यात अख्खं बंडल सापडलं 🤦