मदत हवी आहे: स्प्लिटनंतर क्लास ए शेअरचा लाभांश किती भरवशाचा?

नमस्कार. आम्ही कॅनडात मिसिसागात राहतो. हे गेल्या वर्षी निवृत्त झाले. टीएफएसएमध्ये, म्हणजे करमुक्त बचत खात्यात, एका स्प्लिट-शेअर फंडाचे 1,000 क्लास ए शेअर्स आहेत, महिन्याला शेअरमागे 10 सेंट, म्हणजे 100 डॉलर येतात. हायड्रोचं, म्हणजे विजेचं बिल त्यातूनच भरते. मागच्या आठवड्यात फंडाने कळवलं की क्लास एचं 20 टक्के स्प्लिट होणार. 1,000 चे 1,200 शेअर्स, आणि शेअरमागचे 10 सेंट तसेच. हे म्हणाले, "घरबसल्या 20 डॉलर वाढले की!" मला तो आनंद पचत नाहीये.

वडिलांच्या शेअर्सचं स्प्लिट मी भारतात पाहिलंय. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर पाचाचा झाला की शेअर दुप्पट, पण शेअरमागचा लाभांश साधारण निम्मा. घरात येणारे पैसे तेवढेच. इथे तसं नाही, म्हणून वहीत मांडून बघितलं.

फंडात बँकांचे शेअर्स आहेत. एक क्लास ए आणि एक प्रेफर्ड (ज्याला आधी पैसे मिळतात तो शेअर) मिळून एक युनिट. आज युनिटचं निव्वळ मूल्य 22 डॉलर आहे. त्यातले पहिले 10 प्रेफर्डवाल्यांचे, उरलेले 12 आमचे. स्प्लिटनंतर 12 ला 1.2 ने भागलं की आमचे 10 उरतात, म्हणजे युनिट 20 वर येतं. दोन्ही प्रकारचे शेअर्स समसमान ठेवायचे म्हणून फंड नवे प्रेफर्ड काढणार आहे.

आता खरी मेख. लाभांश दिल्यावर युनिट 15 डॉलरच्या खाली जाणार असेल तर क्लास एला काही मिळत नाही. आज तिथे पोहोचायला पोर्टफोलिओ जवळपास 32 टक्के पडावा लागेल, स्प्लिटनंतर 25 टक्के पुरे. 2020 च्या मार्चमध्ये बाजार कोसळला तेव्हा असे कितीतरी फंड या रेषेखाली गेले आणि क्लास एवाल्यांचा महिना कोरडा गेला. आमच्याकडे तेव्हा हे शेअर्स नव्हते, पण शेजारच्या काकूंचा चेहरा आठवतो.

शिवाय क्लास एचे वर्षाचे 1.20 आणि प्रेफर्डचे 55 सेंट धरले तर युनिटमागे 1.75 डॉलर द्यायचे. 22 वर ते 8 टक्क्यांच्या जरा आत होतं, 20 वर पावणेनऊ होईल. बँकांच्या लाभांशातून एवढं निघत नाही, बाकीचं ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क) विकून आणि भाववाढीतून आणावं लागतं.

माझा हिशोब कुठे चुकतोय का? आणि वाढलेले 200 शेअर्स विकून प्रेफर्ड घेणं शहाणपणाचं होईल का? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

उत्तर: ताई, हिशोब बरोबर आहे. एक भर घाला. प्रेफर्डचा वाटा 22 तले 10, म्हणजे 45 टक्के होता, तो आता 50 होईल. पोर्टफोलिओ 10 टक्के पडला तर तुमचा क्लास ए आज 18 टक्के पडतो, पुढे 20 पडेल. प्रेफर्डचं कवचही, म्हणजे त्यांच्या 10 डॉलरमागे युनिटचं मूल्य, 2.2 पटीवरून 2 पटीवर येतं, तरी लाभांशात पहिला मान त्यांचाच. 200 विकायला माझी हरकत नाही. फक्त बाजारभाव निव्वळ मूल्याच्या वर आहे की खाली, ते आधी बघा.

ताई: आभारी आहे. बघितलं, भाव 60 सेंट वर आहे. स्प्लिट झालं की 200 विकते. हायड्रोसाठी 100 डॉलरच धरणार आहे.