‘खुलासा’ नेमका कोण करतो? शोधपत्रकारितेवरील चित्रपट-मालिकांविषयी लिहिताना येणाऱ्या शब्दांची चर्चा

प्रश्न

शोधपत्रकारितेवरील चित्रपटांविषयी आणि मालिकांविषयी मराठीत लिहिताना ‘पत्रकाराने घोटाळ्याचा खुलासा केला’ अशी वाक्ये अलीकडे सर्रास वाचायला मिळतात. मला हा प्रयोग खटकतो, कारण घरी आणि कचेरीत ‘खुलासा’ हा शब्द मी निराळ्याच अर्थाने ऐकत आलो आहे. हा प्रयोग चुकीचा मानावा, की अर्थविस्तार म्हणून स्वीकारावा? चुकीचा असेल, तर त्या जागी ‘गौप्यस्फोट’, ‘पर्दाफाश’, ‘बिंग फोडणे’ यांपैकी काय वापरावे?

प्रतिसाद

आपल्याला खटकले ते योग्यच आहे. मराठीत खुलासा करतो तो ज्याच्यावर आक्षेप आहे तो. कामात कसूर झालेल्या कर्मचाऱ्याकडून लेखी खुलासा मागवला जातो, आरोप झालेला मंत्री खुलासा करतो आणि बातमीत चूक राहिली तर संपादक दुसऱ्या दिवशी खुलासा छापतात. अरबीत या शब्दाचा अर्थ सार किंवा गोषवारा असा आहे. मराठीत तो ‘गैरसमज दूर करणारे स्पष्टीकरण’ या अर्थाने स्थिरावला, तर वृत्तवाहिन्यांच्या हिंदीत त्याला ‘दडवलेली गोष्ट उघड करणे’ असा अर्थ चिकटला, आणि तोच आता मराठी बातम्यांत आणि चित्रपट-परीक्षणांत येऊ लागला आहे. अर्थविस्तार म्हणून मी तो स्वीकारणार नाही, कारण येथे अर्थ विस्तारत नाही, उलटतो.

‘स्पॉटलाइट’ (२०१५) या चित्रपटावरून हे स्पष्ट होईल. ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राच्या चार जणांच्या पथकाने कॅथलिक धर्मगुरूंनी मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते झाकण्यासाठी वरिष्ठांनी वर्षानुवर्षे चालवलेली पद्धत, जानेवारी २००२ पासून छापायला घेतली, त्याची ही कथा आहे. ‘पत्रकारांनी चर्चमधील अत्याचारांबाबत खुलासा केला’ असे वाक्य लिहिले, तर जुन्या वळणाचा मराठी वाचक पत्रकारांनी चर्चच्या वतीने स्पष्टीकरण दिले असे समजेल. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देण्यास बांधलेला यांच्या जागा एका शब्दाने बदलतात, आणि या प्रकारच्या चित्रपटात तर सगळे नाट्य त्या दोन जागांमध्येच असते. ‘पत्रकारांनी अत्याचार उघडकीस आणले, चर्चने त्यावर खुलासा करणे अपेक्षित होते’ असे लिहिले की दोघेही आपापल्या जागी राहतात.

आता पर्यायांविषयी. ‘गौप्यस्फोट’ हा शब्द भारदस्त असला तरी तो पत्रकाराला सहसा लागू पडत नाही, कारण गौप्यस्फोट करणाऱ्याच्या हाती ते गुपित आधीपासून असावे लागते. निवडणुकीच्या तोंडावर जुना सहकारी बैठकीत काय ठरले होते ते सांगतो, तो गौप्यस्फोट. वॉटरगेट प्रकरणात (अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कचेरीत केलेली हेरगिरी आणि ती दडपण्याचा प्रयत्न) ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राच्या बॉब वुडवर्ड यांना अंधाऱ्या वाहनतळात भेटणारा ‘डीप थ्रोट’ म्हणजे आपणच, असे एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेचे माजी उपप्रमुख मार्क फेल्ट यांनी २००५ मध्ये जाहीर केले, तो खरा गौप्यस्फोट होता. त्याउलट १९७२ मध्ये वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी कार्ल बर्नस्टीन यांनी जे केले त्यात गुपित त्यांचे नव्हते. ते तुकड्यातुकड्यांनी जुळवावे लागले.

‘बिंग फोडणे’ हे सोंग घेतलेल्या माणसाबाबत शोभते. ‘भांडे फोडणे’ त्याहून घरगुती आहे आणि त्यात चुगलीचा वास येतो, म्हणून गंभीर बातमीसाठी मी ते टाळीन. ‘पर्दाफाश’ चालतो, पण तो इतक्या किरकोळ गोष्टींना लावला गेला आहे की त्याचे वजन उरलेले नाही. ‘स्पॉटलाइट’साठी मला सर्वांत नेमका वाटतो तो ‘वाचा फोडणे’ हा वाक्प्रचार. लहानपणी अत्याचार सोसलेल्यांच्या संघटनेतील एक माणूस कागदपत्रांनी भरलेला खोका घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत येतो आणि ही सगळी माहिती आपण याच वृत्तपत्राला काही वर्षांपूर्वी पाठवली होती, असे सांगतो. म्हणजे प्रकरण अगदीच अज्ञात नव्हते. बोलणाऱ्याचे बोलणे कोणी ऐकून घेतले नव्हते. अन्यायाला वाचा फोडणे म्हणजे काय, हे त्या प्रसंगात दिसते, आणि पुढे पथकाचा प्रमुख वॉल्टर रॉबिन्सन याला आपल्याच वृत्तपत्राने ही बातमी पूर्वी आतल्या पानात छापून सोडून दिल्याचे कळते तेव्हा त्या वाक्प्रचाराची धार आणखी जाणवते.

‘चव्हाट्यावर आणणे’ मात्र जपून वापरावे, कारण त्यात उघड करण्याबरोबर अब्रू जाणेही आले, आणि ती नेहमी दोषी माणसाचीच जाते असे नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ नाटकात, ज्यावर पुढे जगमोहन मुंदडा यांनी हिंदी चित्रपट काढला, जयसिंग जाधव हा पत्रकार बाजारातून कमला या बाईला विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत पुरावा म्हणून उभी करतो. या कथेमागे १९८१ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’चे अश्विनी सरीन यांनी केलेल्या अशाच बातमीचा आधार आहे. स्त्रियांचा बाजार जयसिंगने उघडकीस आणला, हे खरे. पण चव्हाट्यावर आली ती कमला. तिला हा भेद कळत नाही, परंतु जयसिंगची बायको सरिता हिला ती सरळ विचारते की तुला केवढ्याला विकत आणले, आणि त्या प्रश्नाने तिला स्वतःचे घर निराळे दिसू लागते. पत्रकाराच्या कामाविषयी लिहिताना ही दोन क्रियापदे एकमेकांच्या जागी टाकणे म्हणूनच मला गैर वाटते.

पुरवणी प्रश्न

वरील सर्व शब्द शेवटच्या क्षणाचे आहेत. चित्रपटाचा बहुतांश वेळ ज्या कामात जातो, त्यासाठी ‘तपास’ म्हणावे का? काही जण ‘शोधपत्रकारिता’ऐवजी ‘तपास पत्रकारिता’ असेही लिहितात.

प्रतिसाद

हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘तपास’ हा शब्द मराठीत पोलिसांच्या अधिकाराशी घट्ट बांधलेला आहे. तपास अधिकारी पंचनामा करतो, जबाब नोंदवतो, समन्स काढतो. पत्रकाराला यांपैकी काहीही करता येत नाही. समोरच्याने दार लावून घेतले तर त्याला परत फिरावे लागते. त्याच्याजवळ केवळ विचारण्याची चिकाटी असते, म्हणून ‘शोध’ हाच शब्द बरा. ‘शोध घेणे’, ‘शोध लागणे’ आणि ‘शोध लावणे’ ही तीन रूपे मराठी वेगळी ठेवते, हेही उपयोगी आहे. कच्च्या लिहिलेल्या मालिकांत पत्रकाराला शोध ‘लागतो’: निनावी पाकीट येते, पेन ड्राइव्ह सापडतो, आणि प्रकरण मिटते. चांगल्या चित्रपटांत तो शोध ‘घेतो’.

त्या घेण्याचा गाभा सांगणारा शब्द आपल्याकडे आहे आणि तो फार कमी वापरला जातो: शहानिशा. ‘पडताळणी’ कागदाची होते, ‘खातरजमा’ स्वतःच्या मनाची होते, आणि ‘शहानिशा’त दोन्ही बाजूंना विचारून खरेखोटे करणे येते. वुडवर्ड आणि बर्नस्टीन यांच्या वॉटरगेट-शोधावरचा ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (१९७६) हा माझ्या मते शहानिशेवरचा सर्वांत प्रामाणिक चित्रपट आहे, कारण त्यात शहानिशा फसतानाही दाखवली आहे. निक्सन यांचे निकटचे सहकारी हाल्डेमन यांचे नाव छापायचे की नाही हे ठरवताना बर्नस्टीन एका सरकारी वकिलाला फोनवर सांगतो की मी दहापर्यंत मोजतो. बातमी चुकीची असेल तर मोजणे संपण्याआधी फोन ठेवा, बरोबर असेल तर ठेवू नका. दहापर्यंत फोन चालू राहतो आणि बातमी छापली जाते. नंतर कळते की त्या माणसाचा गोंधळ झाला होता, आणि ज्याच्या साक्षीचा हवाला दिला त्याने ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) ते नाव घेतलेलेच नव्हते, कारण त्याला तसे कोणी विचारलेच नव्हते. हाल्डेमन यांच्याबद्दलचा निष्कर्ष खरा होता, पण बातमीतील विधान खोटे ठरले. ‘खातरजमा झाली होती, शहानिशा झाली नव्हती’ असे मराठीत एका वाक्यात सांगता येते, आणि हा भेद इतक्या नेमकेपणाने सांगणारी भाषा आपल्याजवळ असताना आपण ‘खुलासा’ आणि ‘धक्कादायक’ या दोन शब्दांवर भागवतो याचे मला वाईट वाटते.

‘स्पॉटलाइट’मध्येही तसेच. चर्चच्या वार्षिक निर्देशिकांतून ‘आजारपणाची रजा’ यांसारख्या नोंदी असलेले धर्मगुरू पट्टीखाली ओळ धरून, एकेका वर्षाचे पुस्तक उघडून वेचले जातात. अखेरीस रॉबिन्सन नावांची यादी घेऊन चर्चची बाजू सांभाळलेल्या आपल्या जुन्या वकील मित्राच्या घरी जातो, आणि तो आधी संतापून, मग मुकाट्याने, पेनाने सगळ्या यादीभोवती एकच वर्तुळ काढतो. दुसऱ्या बाजूने मान्य केल्यावरच बातमी पुरी झाली. त्यानंतरच्या कामासाठी ‘प्रकरण लावून धरणे’ म्हणावे: २००२ या एका वर्षात या विषयावर सुमारे ६०० बातम्या त्या पथकाने दिल्याचे चित्रपटाच्या शेवटी येते.

आणखी एक शंका

‘सूत्र’ आणि ‘खबऱ्या’ यांविषयीही लिहावे. एका मराठी लेखात ‘डीप थ्रोट’ला वुडवर्डचा खबऱ्या म्हटलेले पाहिले.

प्रतिसाद

खबऱ्या पोलिसांचा असतो. त्याला मोबदला किंवा सवलत मिळते आणि तो पोलिसांच्या दबावाखाली असतो. ‘डीप थ्रोट’वर वुडवर्डचा कसलाही दबाव नव्हता. चित्रपटात तो नवी माहिती देण्यापेक्षा मिळालेल्या माहितीला होकार देतो आणि पैशाचा माग काढा असे सुचवतो. त्याच्यासाठी ‘माहीतगार’ हा साधा शब्द मला पुरेसा वाटतो. ‘स्कूप’ (२०२३) या मालिकेबाबत मात्र हे शब्द विशेष काळजीने वापरावेत. मुंबईतील पत्रकार जे. डे यांची २०११ मध्ये पवई येथे हत्या झाली, त्या खटल्यात आरोपी ठरवल्या गेलेल्या आणि २०१८ मध्ये निर्दोष सुटलेल्या जिग्ना व्होरा यांच्या आठवणींवर ती आधारलेली आहे. गुन्हेगारी जगतातील माणसाशी पत्रकार बोलते ते बातमीसाठी की अन्य हेतूने, हाच तिथला वाद असल्याने ‘सूत्र’, ‘संपर्क’ आणि ‘खबऱ्या’ यांतील कोणताही शब्द निवडला तरी आपण एक बाजू घेतलेली असते.

‘सूत्र’ अनेकवचनात चांगले चालते. ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ हे आपल्या वृत्तपत्रांत मुरलेले आहे. परंतु ‘माझ्या एका सूत्राने सांगितले’ हे मराठी कानाला अवघडच वाटते. आपल्याकडे राजकीय बातमी ‘आतल्या गोटातून’ येते. ‘सिंहासन’ (१९७९) चित्रपटातील दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले, अशाच सगळ्या गोटांत सहज वावरतो. मंत्री त्याच्यापुढे मन मोकळे करतात, कामगार पुढाऱ्याचे डाव त्याला ठाऊक असतात. त्याला कोणी ‘शोधपत्रकार’ म्हणत नाही, आणि म्हणूही नये, कारण त्याला शोध घ्यावाच लागत नाही. तो ‘बातमीदार’ आहे, आणि त्याला जे कळते त्यातले फार थोडे बातमी होऊ शकते. त्याच्याविषयी लिहिताना ‘सत्तेच्या खेळाचा पर्दाफाश करणारा पत्रकार’ असे एखादे वाक्य आले तर ते सरळ खोडून ‘सत्तेच्या खेळाचा साक्षीदार असलेला बातमीदार’ असे करावे.