पॉइंट टू टू पिस्तूल: रॅपिडमध्ये तिसरा-चौथा राउंड चढेना झालाय, मॅगझीन की दुसरं काही?

वडगावची_शूटर (बेळगाव)

नमस्कार. मी २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते. पिस्तूल .२२ चं, रीतसर लायसन्सवर घेतलेलं, पण सेकंड-हँड. पाच राउंडची (काडतुसांची) तीन मॅगझीन आहेत, दोन पिस्तुलाबरोबर आलेली आणि एक नंतर घेतलेलं. दिसायला तिन्ही सारखीच.

त्रास असा, की प्रिसिजनच्या (सावकाश नेम धरायच्या भागाच्या) तीस गोळ्या बहुतेक वेळा सुरळीत जातात आणि रॅपिड (झटपट मारायचा भाग) सुरू झालं की राउंड अडकायलंय. टार्गेट तीन सेकंद समोर, सात सेकंद आड. हात खाली, हात वर, एक गोळी. दुसरी जाते, कधी तिसरीपण जाते, आणि पुढच्या वेळी ट्रिगर दाबला तर काहीच नाही. बोल्ट, म्हणजे गोळीमागे मागेपुढे होणारा भाग, पूर्ण पुढे आलेला नसतो. राउंड अर्धा मॅगझीनमध्ये, अर्धा बाहेर, नाक खाली घालून बसलेला. रेंज ऑफिसरसमोर बाहेर काढलेले दोन-तीन राउंड नीट बघितले. शिशाच्या टोकाला खालच्या बाजूने चपटा दाब आलाय आणि त्या दाबाच्या कडेला शिसं किंचित सोललंय. वरची बाजू मात्र स्वच्छ.

पिस्तुलाची मुख्य स्प्रिंग नवीन आहे. राउंड नेहमीचेच, स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे. रेंजवर एकजण म्हणतो मॅगझीनच्या लिप्स (राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) पक्कडीने जरा दाब, दुसरा म्हणतो रॅम्पला (राउंड ज्यावरून आत चढतो त्या उताराला) बारीक कानस मार. हात लावायचं धाडस होईना. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे आणि रॅपिडला उभी राहिले की माझं अर्धं लक्ष साइटवर आणि अर्धं बोल्टवर असतंय. अशाने स्कोर कसा यायचा? कोणाला हा अनुभव असेल तर सांगा की.

निपाणी_२५मी

ताई, माझ्याकडे असंच व्हायलंतं, तेव्हा कारण राउंडमध्ये निघालं. स्टँडर्ड व्हेलॉसिटी म्हणजे साधारण सेकंदाला ३२०-३३० मीटर, पण एका लॉटचा जोर दुसऱ्या लॉटसारखाच असेल असं नाही. राउंडचा जोर कमी असला तर बोल्ट पुरता मागे जात नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे पुंगळ्या (राउंडची रिकामी टरफलं) कुठे पडतात ते बघा. रोजच्या जागी जोरात उडून पडत असतील तर राउंड ठीक. पायाशी गळायल्या असतील, किंवा एक इकडे एक तिकडे जायली असेल, तर लॉट बदलून बघा. दुसरं म्हणजे डबे गाडीच्या डिकीत ठेवू नका. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात शिशावरचं मेण मऊ होऊन राउंड बोटाला चिकटायचे.

लिप्सचं म्हणाल तर उद्यमबागेत ओळखीचं टूलरूम आहे. कितीही बारीक काम असू दे, करून देतात. पाहिजे तर विचारून बघतो.

खानापूरचा_आर्मरर

बाळ, पक्कड आणि कानस दोन्ही पेटीत घाल आणि पेटीला कुलूप लाव. मी सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं-शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आर्मरर होतो. नोकरीभर शस्त्रं उघडली आणि जोडली. कारण कळायच्या आधी लागलेल्या कानशीने नुकसान झालेली शस्त्रं मी पुष्कळ बघितली. घासून गेलेलं लोखंड परत येत नाही.

निपाणीकर, पुंगळ्यांची खूण तुम्ही बरोबर सांगितलीत, ती तिने बघावीच. टूलरूमला मात्र माझा विरोध आहे. उद्यमबागेतल्या कारागिरांच्या हाताबद्दल शंका नाही, तिथल्या कामाची बारकाई मी स्वतः पाहिलीय. पण १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरले जातात आणि शस्त्रदुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. तो नसलेल्या माणसाच्या टेबलावर पिस्तुलाचा भाग ठेवला तर ओळखीचा माणूस आणि ही पोर, दोघंही अडचणीत येतील. चांगल्या मनाने सांगितलंत हे कळतं, पण तो रस्ता सोडा.

आता मूळ गोष्ट. अडकतं ते रॅपिडमध्ये, असं तू लिहिलंस. पिस्तुलाला रॅपिड काय नि प्रिसिजन काय, कळत नाही. गोळी सुटली की बोल्ट मागे जातो, पुंगळी फेकतो, आणि परत येताना वरचा राउंड पुढे ढकलून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत) घालतो. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. पुढची गोळी तू काही सेकंदांनी मार नाहीतर मिनिटाने, राउंड केव्हाच आत गेलेला असतो किंवा अडकलेला असतो. मग फरक कशाने पडतो? रॅपिड नंतर येतं म्हणून. तोवर सायटर (आधीच्या चाचणीच्या गोळ्या) आणि प्रिसिजनच्या तीस गोळ्या झालेल्या असतात. .२२ चं शिसं उघडं असतं, वर मेणाचा नाहीतर ग्रीसचा थर. प्रत्येक गोळीला थोडं मेण, थोडं शिसं, थोडी काजळी मागे राहते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, आमच्या खानापूरला तर जास्तच, आणि ती काजळी ओल धरून घट्ट बसते. म्हणून सरावाच्या एका दिवशी क्रम उलटा कर. पिस्तूल आणि मॅगझीन साफ करून ने आणि सुरुवातच रॅपिडने कर. सुरळीत गेलं तर दोष घाणीशी जोडलेला आहे हे पक्कं.

कोणत्या नंबरचा राउंड अडकतो यातही बरंच कळतं. भरलेल्या मॅगझीनमध्ये स्प्रिंग सगळ्यात जास्त दाबलेली असते. पहिलाच राउंड अडकत असता तर मी आधी रिमकडे बघायला सांगितलं असतं. .२२ च्या पुंगळीला मागे कड असते ना, भरताना वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेपुढे यायला हवी. मॅगझीनच्या बाजूच्या खाचेतून बघितलंस तर कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या पुढे पुढे सरकत गेलेल्या दिसायला हव्यात. एखादी कड खालच्या कडेमागे गेली की दोघी एकमेकींत अडकतात आणि बोल्ट कितीही जोराचा असला तरी राउंड हलत नाही. हे भरतानाच बघायची सवय ठेव.

पण तुझा अडकतो तिसरा-चौथा, आणि नाक खाली घालून. तो दाब आणि सोललेलं शिसं तू नीट बघून लिहिलंस, त्यानेच मला निम्मं कळलं. खुणा शिशाच्या वरच्या अंगाला असत्या तर राउंड लिप्समधून लवकर सुटतोय असं म्हटलं असतं. पुंगळीच्या पोटावर ओरखडा असता तर बोल्ट राउंडच्या अंगावरून जातोय, म्हणजे राउंड वेळेत वर चढत नाही किंवा बोल्ट पुरता मागे जात नाही. खालच्या बाजूचा दाब सांगतो की राउंडचं नाक वर उचललंच गेलं नाही. याचा अर्थ फॉलोअर (स्प्रिंगवरची, राउंड वर ढकलणारी पट्टी) वर येताना पुढच्या अंगाने मागे राहतोय. घाण असेल, दमलेली स्प्रिंग असेल, नाहीतर मॅगझीनच्या भिंतीलाच काही झालं असेल.

तेव्हा तिन्ही मॅगझीनला खुणा कर. नेलपॉलिशचे ठिपके चालतात, एक, दोन, तीन. एकाच डब्यातले राउंड घेऊन मॅगझीन आलटून पालटून वापर आणि कोणत्या ठिपक्याला कितवा राउंड अडकला ते वहीत लिही. एकाच ठिपक्यापुढे नोंदी जमल्या तर पिस्तूल निर्दोष. तिन्हींपुढे जमल्या तर मॅगझीन सोडून चेंबर, मॅगझीन कॅच (मॅगझीन धरून ठेवणारा खटका) आणि राउंडचा लॉट तपासायचा. एका वेळी एकच गोष्ट बदल. मॅगझीन, लॉट आणि तेल एकाच दिवशी बदलणाऱ्याला जॅम थांबला तरी कशाने थांबला ते कळत नाही, आणि स्पर्धेत तो परत येतो.

घरी मॅगझीन उघडताना पिस्तूल आणि राउंड दुसऱ्या खोलीत कुलपात. रिकाम्या मॅगझीनचा फॉलोअर पेन्सिलीने पूर्ण खाली दाब आणि हळूहळू सोड. न थबकता वर यायला हवा. मग नुसता पुढचा कोपरा दाबून तसंच कर. वाटेत कुठे रेंगाळला तर ती जागा लक्षात ठेव. तळाची पट्टी काढताना स्प्रिंग उडते, अंगठा वर धर, आणि ती कोणत्या बाजूने बसली होती त्याचा फोटो आधी काढ. आत पुढच्या भिंतीला बोट लावून बघ. काळपट लगदा लागला तर ते मेण, शिसं आणि काजळी. जुना टूथब्रश, सुती फडका, हवं तर मेडिकलमध्ये मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. फॉलोअर प्लॅस्टिकचा असेल तर काय चालतं ते पुस्तिकेत बघून घे. हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करू नकोस आणि झाल्यावर साबणाने हात धू, त्या लगद्यात शिसं आहे.

जोडताना आत तेल घालू नकोस. तेलावर काजळी चिकटते, आणि .२२ ला पेटवणारा मसाला त्या कडेतच असतो, तेल झिरपून तिथे गेलं तर राउंड फुसका निघू शकतो. मॅगझीन कोरडंच बरं.

कोल्हापूर_रेंज_ऑफिसर

काकांनी इतकं नीट सांगितलंय की दुरुस्तीत मी काही भर घालत नाही. स्पर्धेपुरतं लिहितो, कारण अशा वेळी मुलं घाबरून गुण घालवतात.

जॅम झाला की पिस्तूल टार्गेटच्या दिशेनेच, पकड तशीच, आणि मोकळा हात वर. बोल्टला हात नाही, सेफ्टीला नाही, मॅगझीनला नाही. रेंज ऑफिसर यायच्या आधी बोल्ट ओढून बघितलात की तो जॅम ग्राह्य धरला जात नाही. मॅगझीन नीट न बसल्यामुळे किंवा मध्येच निसटल्यामुळे गोळी गेली नाही, तर पिस्तुलातच काही तुटलेलं नसेल तर तेही अग्राह्य. पाचऐवजी चार राउंड भरले असतील तर तेही. म्हणून मॅगझीन घातल्यावर तळव्याने खालून नीट दाबा आणि हलकेच खाली ओढून बघा, बसलंय ना.

काका म्हणतात ते शूटरने मनात ठेवावं, राउंड अडकतो तो आधीच्या गोळीच्या वेळी. म्हणजे हात खाली नेताना बोल्ट उघडा दिसला तर पुढच्या टार्गेटची वाट बघायची नाही, तिथेच हात वर.

राहीताई सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं तेव्हा दोन शूट-ऑफ (बरोबरी सोडवायच्या जादा फेऱ्या) खेळाव्या लागल्या होत्या. तिथे मन पुढच्या गोळीवरच असायला हवं. तुमचं अर्धं लक्ष बोल्टवर जातंय, ते सोडवण्यासाठी एवढी खटपट करायलाच हवी.

आणि कोल्हापूर-पुण्याकडे परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे यायचं झालं तर लायसन्सवरची हद्द बघून निघा. कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतं.

वडगावची_शूटर (बेळगाव)

काका, सर, दादा, मनापासून आभार. सांगितलं तसंच केलं.

उलट्या क्रमाने रॅपिड आधी खेळले तर बोल्टकडे बघायची वेळच आली नाही. पुंगळ्याही रोजच्या जागी पडायल्या होत्या. नंतर ठिपक्यांवरून नोंदी ठेवल्या आणि जॅम फक्त दोन ठिपक्यांच्या मॅगझीनपुढे जमले, तेही पिस्तूल मळल्यावरच. एक आणि तीन ठिपक्यांची मॅगझीन शेवटपर्यंत बिनचूक चालली.

दोन ठिपक्यांचं उघडलं. पुढच्या भिंतीला काका म्हणाले तसाच काळा थर होता, नखाने खरवडला तर मेणासारखा वळत होता. तो निघाल्यावर फॉलोअर बराच मोकळा झाला, पण एका ठिकाणी अजून थबकतोय. टॉर्च मारून आत बघितलं तर त्याच उंचीवर भिंतीला चकचकीत घासलेली रेघ आहे. बाहेरून त्या जागी बोट फिरवलं की बारीकसा पोचा लागतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो. मॅगझीन पिस्तुलाबरोबर आलेलं, आधी कधीतरी काँक्रीटवर पडलं असणार. थर असला की फॉलोअर तिथे पुरता अडतो, नसला की कसाबसा वर जातो, असंच ना काका? हा पोचा काढून घेता येतो का, की नवीनच मागवू? आणि स्प्रिंग थोडी ताणून घातली तर?

खानापूरचा_आर्मरर

असंच. शाब्बास, बोटाने शोधलंस ते फार चांगलं केलंस.

पोचा काढू नकोस. पत्रा आतून ठोकला की दुसरीकडे फुगतो आणि लिप्समधलं अंतर बदलतं. स्प्रिंगही ताणू नकोस. ताणलेली स्प्रिंग थोडे दिवस बरी चालते आणि मग आधीपेक्षा ढिली पडते. नवीन मॅगझीन परवानाधारक डीलरकडून, तुझ्याच मॉडेलचं मागव. तोवर स्पर्धा आली तर एक आणि तीन ठिपक्यांवर खेळ, एका वेळी पाचच राउंड लागतात, दोन मॅगझीन पुष्कळ झाली. दोन ठिपक्यांवर फुली मार आणि किटमधून बाहेर काढ, म्हणजे घाईत हाताला लागायचं नाही.

नवीन आलं की त्यालाही ठिपके कर आणि स्पर्धेचे राउंड ज्या लॉटचे असतील त्याच लॉटवर, पिस्तूल मुद्दाम न पुसता, प्रिसिजन आणि रॅपिड दोन्ही खेळून बघ. प्रिसिजनच्या मध्ये मॅगझीन बदलायला वेळ असतो, तेव्हा वापरलेलं मॅगझीन कोरड्या फडक्याने तोंडाशी पुसून ठेवत जा.