प्रतिसाद: इच्छा आहे, पण अभ्यासाला बसवत नाही

कोपरखैरण्याच्या ताईंनी विचारलंय की मुलगा राज्यसेवा परीक्षेचं (एमपीएससी) नाव घेतो, भाषणं ऐकून दोन दिवस पेटतो आणि तिसऱ्या दिवशी थंड; काय करावं? त्याला आळशी म्हणू नका. "अधिकारी व्हायचं" हे आज सकाळी करायचं काम नाही, म्हणून हात चालत नाही.

उद्याचं काम आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवायला सांगा, तेही एका ओळीत: "सकाळी ७ ते ७:४०, सीसॅटचे दोन उतारे, घड्याळ लावून." (सीसॅट म्हणजे पूर्वपरीक्षेतला आकलन आणि तर्कक्षमता तपासणारा दुसरा पेपर.) "अभ्यास करणे" असं लिहिलं की तो दिवस गेलाच समजा. फोन दुसऱ्या खोलीत. उलटा करून टेबलावर ठेवला तरी लक्ष तिकडेच. सुरुवात ४० मिनिटांनीच करा. पहिल्याच दिवशी दहा तासांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं की चौथ्या दिवशी ते मोडतं, आणि मग अपराधीपणामुळे पुस्तकच उघडत नाही.

दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका. सीसॅट फक्त पात्रतेपुरता, २०० पैकी ६६ गुण; प्रश्न ८०, प्रत्येकी अडीच गुण, चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग वजा. म्हणजे ३५ बरोबर आणि ३० चूक असले तरी ६८.७५ होतात. असा आकडा समोर आला की भीती आटोक्यात येते.

घरात जागा नसेल तर जवळची अभ्यासिका. ठाण्यात महापालिकेची, स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारी चिंतामणराव देशमुख संस्था आहे, तिथेही चौकशी करा.

आणि हो, "शेजारचा बघ कुठे पोचला" हे वाक्य तेवढं टाळा.